वरळीच्या चाळी तुरुंग म्हणून बांधल्या गेल्या नव्हत्या

‘बीडीडी चाळी इंग्रजांनी कैद्यांसाठी बांधल्या आणि पुढे तिथे कामगार राहायला आले.’ हे वाक्य मुंबईच्या इतिहासाविषयीच्या गप्पांत इतक्या वेळा कानावर पडते की आता त्याची शहानिशा करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. पुनर्विकासाची बातमी आली की तेही नव्याने फिरू लागते.

वाक्य चुकीचे आहे. मात्र ते हवेतून आलेले नाही. त्याच्या पोटात एक खरी घटना आहे, फक्त घटनांचा क्रम उलटा झाला आहे. हा क्रम सुलटा लावला की गोष्ट अधिक बोचरी होते, कारण मग दोष एखाद्या क्रूर तुरुंगाधिकाऱ्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

सुरुवात १८९६ पासून करावी लागते. त्या वर्षी मांडवी भागात प्लेग दिसला आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. गिरण्यांचे मजूर गावी पळाले, धोटे थांबले. सरकारला तेव्हा प्रथमच प्रकर्षाने जाणवले की कामगार कुठे आणि कसा राहतो हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, काही चाळीही बांधल्या. ‘बीआयटी चाळी’ हे नाव तिथून आले. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. पण ट्रस्टने पाडलेली घरे आणि बांधलेली घरे यांचा मेळ कधी बसला नाही. जुन्या वस्तीतून उठवलेला माणूस बहुधा शेजारच्या दुसऱ्या दाट वस्तीतच शिरला.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अमाप नफा कमावला. महागाई वाढली, भाडी इतकी चढली की सरकारला १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा गेले. रशियात क्रांती होऊन जेमतेम दोन वर्षे लोटली होती. मलबार हिलवरच्या बंगल्यांत त्या दिवसांत कोणत्या चर्चा होत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

या पार्श्वभूमीवर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवे खाते उभे केले. बीडीडी ते हेच. या खात्याकडे दोन मोठी कामे होती. एक म्हणजे बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढणे आणि दुसरे म्हणजे कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधणे. पैशासाठी कर्ज काढले गेले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. चाळी वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड या चार ठिकाणी उभारायच्या ठरल्या. डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. १९२० मध्येच स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कामगार नेत्याचे नाव कामगार चाळींच्या रस्त्याला मिळाले, ही मुंबईच्या नामांतरांतली एक दुर्मीळ समर्पक गोष्ट.

म्हणजे १९२० च्या कागदावर कैदी कुठेही नाही. योजना कामगारांची होती, आखीव होती, सरकारी होती, आणि आकाराने त्या काळच्या हिंदुस्थानात अपूर्व होती.

आता खोलीत शिरू. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना मिळून वीस खोल्या. म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, कोपऱ्यात मोरी. संडास मजल्यावर सामाईक. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, म्हणजे त्या वेळच्या मुंबईला नवलाचे. लाकडी गॅलरीच्या जुन्या चाळीत खोलीचे दार उघडले की समोर आकाश आणि खाली चौक दिसे. इथे दार उघडले की समोर शेजाऱ्याचे दार. बोळात उजेड येतो तो दोन टोकांकडून.

न्यायाने पाहिले तर त्या काळच्या खासगी चाळींपेक्षा ही खोली अनेक बाबतींत बरी होती. त्या चाळींतल्या कित्येक खोल्या याहून लहान होत्या, आणि पाण्यासाठी खाली अंगणातल्या नळावर झुंबड उडे. काँक्रीटच्या या इमारती पुढे शंभर वर्षे टिकल्या, तेही देखभाल यथातथाच असताना. बांधकाम करणाऱ्यांनी फसवणूक केली, असे म्हणता येणार नाही.

फसले ते दुसरेच काही.

१९१८ मध्ये इंग्लंडमध्ये ट्यूडर वॉल्टर्स समितीचा अहवाल आला. कामगाराच्या घरात बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या शक्यतो तीन खोल्या असाव्यात, आणि शहरातही एका एकरावर बारापेक्षा जास्त घरे नसावीत, अशी त्याची शिफारस होती. १९१९ मध्ये अ‍ॅडिसन यांच्या नावाने ओळखला जाणारा गृहनिर्माण कायदा झाला आणि नगरपालिका सरकारी अनुदानावर अशी घरे बांधू लागल्या. युद्धावरून परतलेल्या शिपायांना साजेशी घरे, अशी तेव्हाची घोषणा होती. एकच साम्राज्य, एकच वर्ष, लँकेशायरचा गिरणी कामगार आणि गिरणगावचा गिरणी कामगार. एकासाठी परसबाग आखली गेली आणि दुसऱ्यासाठी १६० चौरस फूट.

याचे उत्तर ‘इंग्रज दुष्ट होते’ एवढ्यावर संपत नाही. गिरण्यांचे मालक बहुतांशी हिंदीच होते. नगरपालिकेत आणि कायदेमंडळात घरमालक व व्यापारी बसले होते. मतदानाचा हक्क मालमत्तेशी आणि भाड्याशी जोडलेला असल्याने कामगार मतदारच नव्हता. कामगाराला किती जागा लागते याचा हिशेब अशा लोकांनी केला, ज्यांना त्याच्या मताची, संमतीची किंवा नाराजीची फारशी फिकीर करण्याचे कारण नव्हते. शिवाय सगळ्यांच्या डोक्यात एक सोयीचे गृहीतक होते: हा माणूस मुळात शेतकरी आहे, त्याचे खरे घर रत्नागिरीत, साताऱ्यात, नाशिक-नगरकडे आहे, इथे त्याला फक्त अंग टाकायला जागा हवी. गृहीतक निम्मे खरे होते. कामगार गणपती-शिमग्याला, पेरणीला गावी जातच असे. पण त्याची नाळ गावाशी टिकली होती याचे एक मोठे कारण हेच होते की मुंबईत बायकामुलांना आणावे असे घर त्याला मिळत नव्हते. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल केली की छोटी खोली आपोआप शहाणपणाची ठरते.

तेव्हा कामगाराने काय केले?

तो गेलाच नाही.

बीडीडीच्या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच सांगितला जात नाही. चाळी उभ्या राहिल्या, विशेषतः वरळीच्या, आणि रिकाम्या राहिल्या. सरकार खर्चापेक्षा कमी भाडे आकारत होते, तरीही ते कामगाराच्या खिशाला जड होते. वरळी तेव्हा शहराच्या कडेला होती. परळ-लालबागच्या गिरणीत पहाटेच्या भोंग्याला पोहोचायचे तर घर पायी अंतरावर लागते. आणि प्रश्न केवळ चालण्याचा नव्हता. कामाला लावणारा जॉबर, उधारीवर धान्य देणारा वाणी, पगाराआधी पैसे देणारा सावकार, डबा देणारी खानावळवाली, गावकीची खोली, ही सगळी माणसे गिरणीच्या भोवती राहत. बदली कामगाराला तर रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहूनच काम मिळे. वरळीला राहायला जाणे म्हणजे या जाळ्यातून बाहेर पडणे. नियोजनकारांनी इमारत मोजली होती. उधारीची वही मोजली नव्हती.

त्यातच युद्धानंतरची तेजी ओसरली. १९२४ आणि १९२५ मध्ये बोनस व पगारकपातीवरून मोठे संप झाले आणि संपात कामगार गावी परतले. भाडी उतरवण्यात आली, तरी वरळीच्या कित्येक चाळी कुलूपबंदच होत्या. ठरवलेल्या ५० हजार खोल्यांचे काम अर्ध्यावरही पोहोचण्याआधी थांबवावे लागले. अखेर उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. खोल्यांचा हिशेब साडेसोळा हजारांच्या आसपास जातो. त्याच खात्याची बॅकबे योजनाही तोवर गाळात रुतली होती. तिचा कारभार चव्हाट्यावर आणणाऱ्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांच्यावर हार्वे नावाच्या अभियंत्याने बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. तो खटला स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे, इथे त्यात शिरायला नको.

आणि मग १९३० उजाडले. सविनय कायदेभंगात सत्याग्रही एवढ्या संख्येने पकडले गेले की मुंबईचे तुरुंग अपुरे पडू लागले. सरकारच्या हाती वरळीत काँक्रीटच्या, एका साच्याच्या, रिकाम्या इमारतींची रांग होती. तिथे तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला.

तुरुंगाच्या कथेचा उगम हा. क्रम असा आहे: सरकारने कामगारांसाठी घरे बांधली, कामगारांनी ती नाकारली, म्हणून ती रिकामी राहिली, आणि रिकामी होती म्हणून तिथे कैदी ठेवता आले. लोकप्रिय कथेत कामगार सर्वांत शेवटी येतो, तेही उरलेल्या जागेत आसरा घेणारा म्हणून. प्रत्यक्षात तो सुरुवातीलाच हजर आहे आणि त्याने नकार दिलेला आहे. त्या नकारामागे ना मोर्चा होता ना ठराव. पाऊल न टाकणे एवढेच त्याचे रूप. ‘इंग्रजांचा तुरुंग’ म्हटले की हा नकार इतिहासातून पुसला जातो. तुरुंगाची कथा ऐकायला देशभक्तीची वाटते, पण तिच्यात सामान्य माणसाला काहीही करायचे नसते. म्हणून ती टाकून द्यायला हवी.

याच्या जोडीला एक वेगळे उदाहरण ठेवून पाहावे. १९१० मध्ये, म्हणजे बीडीडीच्या दहा वर्षे आधी, बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप यांचे राज्य असलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना, त्याच्या कामगारांची घरे, झाडे, शाळा, आणि १९२० पासून तर मासिकही. लक्ष्मणरावांच्या ठायी आदर्शवाद होता यात शंका नाही. पण त्याच्याबरोबर एक व्यावहारिक सत्यही होते. त्या उजाड माळावर कसबी माणूस राहायला येईल तर घर बरे असेल म्हणूनच येईल. मुंबईच्या गिरणीच्या दारात मात्र रोज सकाळी गरजेपेक्षा जास्त माणसे उभी असत. (किर्लोस्करवाडीसारख्या वसाहतींची दुसरी बाजूही विसरू नये. जिथे मालक आणि घरमालक एकच, तिथे नोकरी गेली की छप्परही जाते. बीडीडीच्या खोलीतला कामगार संपावर गेला तर गिरणीवाला त्याला खोलीबाहेर काढू शकत नव्हता, कारण खोली सरकारची होती.)

तिसरे उदाहरण स्वतंत्र भारताचे आणि नाशिक जिल्ह्यातले. सप्तशृंगीच्या पायथ्याच्या वणीहून पिंपळगाव बसवंतमार्गे नाशिककडे निघाले की महामार्गावर ओझर लागते. १९६२ च्या युद्धानंतर मिग विमाने देशात बांधण्याच्या कामाला वेग आला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले होते. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला आणि त्याबरोबर आखीव वसाहत आली: कुटुंबाचे क्वार्टर, शाळा, दवाखाना. वरळी आणि ओझर या दोन्ही जागी घर बांधणारे सरकारच होते. चाळीस वर्षांत सरकार बदलले, काळ बदलला, हे खरे. पण त्याबरोबर गरजवंतही बदलला होता. विमानाचा सांगाडा जुळवणारा तंत्रज्ञ गिरणीच्या दारातल्या गर्दीतून उचलता येत नाही. त्याला बोलवावे लागते, शिकवावे लागते, टिकवावे लागते. घराचे क्षेत्रफळ ठरवताना दयेपेक्षा हा हिशेबच अधिक चालतो. पिंपळगावच्या द्राक्षबागांत राबणाऱ्या मजुरांच्या झोपड्या त्याच महामार्गापासून फार दूर नसतात, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

बीडीडीत लोक शेवटी आले, पण आपल्या अटींवर. भाडी उतरली, शहर वरळीच्या दिशेने पसरले, वस्ती भरली. एका खोलीत दहा-बारा गाववाले पाळीप्रमाणे झोपू लागले. एक पाळी गिरणीत, एक घोरण्यात. पुढे कुटुंबे आली. माळे चढले, मोरीला पडदे लागले. अंधारा बोळ झोपायची जागा झाला, अभ्यासाची झाला, लग्नाच्या पंगतीचाही झाला. दोन चाळींमधल्या पट्ट्यात कबड्डीचे संघ उभे राहिले, भजनी मंडळे बसली, गणपती आले, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका निघाल्या. नियोजनात यातले काहीच नव्हते.

मात्र या आठवणींना फार गोडवा लावू नये. चाळीतली एकी सर्वांना सारखी लाभली नव्हती. काही चाळी बौद्धांच्या, काही सवर्णांच्या, हे सगळ्यांना ठाऊक असे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि त्यातून पेटलेली दंगल अनेक दिवस चालली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. दगड वरच्या मजल्यांवरून येत होते, म्हणजे शेजाऱ्यांच्या खोल्यांमधून. ‘चाळ म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी हा जानेवारी आठवायला हवा. आणि १८ जानेवारी १९८२ चा संप. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा कधी गिरणीत शिरले नाहीत. कामगारांसाठी बांधलेल्या वस्तीतून कामच निघून गेले, वस्ती राहिली.

आता वस्तीही जात आहे. २०१७ मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले, काम म्हाडाकडे आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० चौरस फुटांत काढलेल्या माणसाला स्वतःचा संडास आणि दाराआड झोपायची खोली मिळते, यावर नाक मुरडण्याचा हक्क चाळीबाहेरच्या कोणालाही नाही. ‘चाळसंस्कृती हरवली’ म्हणून हळहळणाऱ्यांनी सकाळी सहा वाजता मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगेत एकदा उभे राहून पाहावे. तरीही एक गोष्ट नोंदवायलाच हवी. १६० चे ५०० झाले ते कोणाच्या मनात अचानक न्याय जागा झाला म्हणून नाही. ज्या वरळीला शहराची कड म्हणून कामगारांनी नाकारले होते, तिथल्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे आणि उरलेल्या जागेवर विकायच्या इमारती उभ्या राहणार आहेत. हिशेब आजही बाहेरच होतो आहे. या वेळी तो रहिवाशांच्या बाजूने झुकला, इतकेच. चाळिसाव्या मजल्यावरच्या घराची देखभाल, लिफ्ट, पाणी यांचा महिन्याचा खर्च पुढच्या पिढीला झेपेल का, हा प्रश्न १९२५ च्या भाड्याच्या प्रश्नाचा थेट वंशज आहे. त्या वेळी ज्यांना तो विचारला गेला नाही, त्यांच्या नातवंडांना तो आता विचारला जावा.

एखादी चाळ तरी जशीच्या तशी राखावी, असा विचार अनेकदा मांडला गेला आहे. तो रास्त आहे, पण राखताना त्यात काय दाखवायचे हे आधी ठरायला हवे. पितळेची भांडी, रेडिओ आणि देवाचा कोपरा मांडून ठेवला तर ते चाळीचे चित्र होईल, इतिहास होणार नाही. एक खोली रिकामीच ठेवावी, कुलूप लावलेली, १९२६ मध्ये होती तशी. तिच्या दारावर त्या वर्षीचे भाडे आणि त्या वर्षीचा गिरणीतला पगार लिहावा.

आणि त्याहून तातडीचे काम कागदांचे आहे. पात्रता सिद्ध करण्यासाठी घराघरांतून जुन्या भाडेपावत्या, शिधापत्रिका, गिरणीची ओळखपत्रे, वारसाहक्काचे अर्ज बाहेर निघाले आहेत. पत्र्याच्या ट्रंकांतून, देवाच्या फोटोमागून. नव्या घराचा ताबा मिळाला की त्यांचे काम संपते आणि त्यांतले बरेचसे रद्दीत जाईल. या पावत्यांवर खोलीत कोण कधी आले, कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेले, भाडे कधी वाढले, कधी थकले हे सगळे आहे. मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात बीडीडीच्या बाजूचे कागद सापडतात. भाडेकरूच्या बाजूचे हेच आहेत. ज्यांचे आजोबा या चाळींत राहिले त्यांनी ते टाकण्यापूर्वी निदान मोबाईलवर त्यांचे फोटो काढावेत, मागच्या बाजूचेही. पावत्यांच्या मागे अनेकदा उधारीचे आकडे लिहिलेले असतात.